भाऊबीजेनंतरची गर्दी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. म्हणाले, ताई, यंदाच्या अंकाचा विषय आहे 'तरुणपणी कळायला हवं होतं'. तुमच्या कामातले चार अनुभव लिहा, वाचकांना काहीतरी घेता येईल. आणि जाता जाता म्हणाले, थोडं गोड लिहा, दिवाळीचा अंक आहे. मी म्हटलं, लिहिते, पण गोडाचं सांगू नका. माझा दिवाळीशी संबंध वेगळा आहे. सगळ्यांचे फराळाचे डबे रिकामे व्हायला लागतात तेव्हा माझा हंगाम सुरू व्हायचा.

मी दस्तलेखक होते. तालुक्याच्या ठिकाणी, जमिनीची नोंदणी होते त्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून टिनाचं एक शेड आहे. त्यात सहा टेबलं. पाच टेबलांवर पुरुष आणि एकावर मी, सत्तावीस वर्षं. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जे म्हणाल ते. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. लोकांना वाटतं हा नुसता टायपिंगचा धंदा आहे. तसं नाही. जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, तिच्या चारी बाजूंना काय आहे ती चतुःसीमा, लिहून देणारा कोण, घेणारा कोण, हे सगळं बिनचूक उतरावं लागतं. एक आकडा चुकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. आणि दस्तात एक शब्द जरी खोडला, तरी त्या खोडण्याशेजारी समासात देणारा आणि घेणारा दोघांनी सही करायची असते. नाहीतर ती खाडाखोड धरत नाहीत. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा.

तर हंगाम. आमच्याकडे भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. नव्या साड्यांची नुसती रांग. घडीची मोड न गेलेली साडी, केसांत कालचा गजरा, कपाळाला कुंकू, आणि सोबत भाऊ. बाप मेला की वारस म्हणून बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढतात. ती उतरवायची तर बहिणींनी हक्कसोडपत्र लिहून द्यावं लागतं, की माझा या जमिनीवरचा हक्क मी भावाच्या नावे सोडला. बहिणी एरवी चार गावांना पांगलेल्या. एकत्र सापडतात त्या दिवाळीत. म्हणून भाऊ ओवाळून घेतात, साडी देतात आणि तिसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून आमच्याकडे आणतात. हा आमच्या भागातला रिवाज आहे आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. बहिणींनाही नाही.

त्या प्रत्येक कागदात एक ओळ असते: 'सदरचे हक्कसोडपत्र मी स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' ही ओळ मी इतक्यांदा टाइप केली, की बोटं आपोआप चालायची. टाइप करताना त्या बाईकडे बघायची गरजही वाटायची नाही.

आता माझं सांगते, मग दुसऱ्यांचं.

माझं माहेर जानेफळचं. मी चोवीस वर्षांची असताना वडील गेले. त्या वर्षीच्या भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी भाऊ मला कचेरीत घेऊन आला. मी मॅट्रिक होते. शाळेत धडा वाचायला बाई मलाच उभी करायच्या. दस्त ज्यांनी टाइप केला ते माझे सख्खे सासरे, मामाजी. हे टेबल मूळचं त्यांचं. म्हणजे भाऊ माझा, लिहिणारा घरचा, आणि मी वाचता येणारी. तरी मी तो कागद वाचला नाही. समोर ठेवला, बोट दाखवलं, मी सही केली. साडी जांभळ्या रंगाची होती, तेवढं आठवतं.

का वाचला नाही? कुणी मनाई केली नव्हती. वाचायला घेतला असता तर भावाला वाटलं असतं, हिचा माझ्यावर इतबार नाही. चारचौघांत भावाचा अपमान झाला असता. आम्हाला सगळं शिकवलं होतं. पुरणात किती वेलदोडा घालायचा, सासऱ्यासमोर पदर कसा घ्यायचा, माहेरच्या माणसांना कसं जपायचं. भावाने पुढे केलेला कागद वाचायचा असतो, हे मात्र कुणी शिकवलं नाही. अंगठेबहाद्दर बाईची चूक मी समजू शकते. मी शिकलेली होते आणि शिकलेली असून आंधळी झाले. ही चूक आमच्यासारख्याच करतात.

पस्तिसाव्या वर्षी नवरा गेला. मामाजींची नजर अधू झालेली, म्हणून मी टेबलावर त्यांच्या शेजारी बसायला लागले, मग परवाना काढला. त्या दिवसांत मी एकदा माहेरी जाऊन भावाला म्हटलं होतं, की रस्त्याकडच्या तुकड्यात मला दोन खोल्या टाकू दे, सासरचं घर लहान पडतं. तो वाईट बोलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "शालू, कागद झाला हाय ना तवाच." परत आले आणि मामाजींच्या पेटीतून त्या दस्ताची कार्बन प्रत काढली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा वाचली. खाली माझीच वळणदार सही.

मी मामाजींना विचारलं, तुम्ही मला वाचून का दाखवला नाही? ते तंबाखू मळत होते. मळणं थांबलं नाही. म्हणाले, "तू विचारलं नाही. आन् तुले तं वाचता येत होतं." मला त्यांचा राग आला तो अजून गेलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. तेच तर खुपतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेबलाचा कायदा केला. माझ्याकडे लिहिलेला कोणताही दस्त, सही करणाऱ्या माणसाला मी मोठ्याने वाचून दाखवणार. हक्कसोड असेल तर बहिणीला एकटीला. भावांनी तेवढा वेळ समोरच्या टपरीवर चहा प्यायचा. पटत असेल तर बसा, नाहीतर शेडमध्ये अजून पाच टेबलं आहेत.

लोक हसले. शेजारच्या टेबलावरचे दिगंबरभाऊ म्हणाले, "शालूताई, धंदा करता का कीर्तन?" मी म्हटलं, कीर्तनाला लोक स्वतःहून येतात, इथं आणलेले असतात. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. भावांना घाई असते. पण काही गिऱ्हाइकं मी हाकलली याचा मला आजही अभिमान आहे. एक गृहस्थ कोऱ्या स्टॅम्पपेपरवर बहिणीचा अंगठा घेऊनच आले. म्हणाले, बुढी वावरात निंदायला गेली हाय, तिले याले जमत नाही, अंगठा आणला, मजकूर तुमी टाका. मी म्हटलं, उद्या बुढीलाच आणा, आणि अंगठा तिच्या हाताला लागलेलाच असू द्या. ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

मी काही सगळ्या बहिणींना भांडायला लावत नव्हते. हे नीट समजून घ्या, कारण माझ्यावर आरोप तोच होतो. एक बाई आठवते, तिने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाली, भावानं माह्या दोन्ही पोरांले स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं, मी सोडते. आणि टेबलाला रेलून झोकात सही केली. त्या कागदात 'स्वखुशीने' हा शब्द मी मन लावून टाइप केला. ऐकून सोडणं ही दानत आहे. न ऐकता सोडणं याला मी दानत म्हणत नाही, कुणाला राग आला तरी.

आणि मग वच्छलाबाई आल्या.

जानेफळच्याच बाजूच्या. अठ्ठावन्नच्या आसपास वय. नवऱ्याने टाकलेल्या, वीस-बावीस वर्षं माहेरच्या मळ्यात विहिरीजवळच्या एका खोलीत राहायच्या. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बसायच्या. थोरला भाऊ सुदाम, धाकटा गजानन. भावांनी मला सातबारा आणि बहिणीचं आधार कार्ड दिलं, हक्कसोड टाइप करा म्हणाले. मी टाइप केलं. मग नेहमीसारखं म्हटलं, आता तुम्ही दोघं टपरीवर जा.

सुदाम म्हणाला, "वाचाचं काम आतल्या साहेबाचं हाय. तुमी टाइप करा आन् मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, आतले साहेब विचारतील, मान्य आहे का, आणि बाई मान हलवेल. त्याच्या आधीचं काम माझं. तो गुरगुरत गेला.

वच्छलाबाई स्टुलावर बसल्या. अंगावर भाऊबीजेची पोपटी साडी. वांगी तोडून देठाचे काटे बोटांत शिरतात, ते त्या नखाने काढत होत्या. लक्ष तिकडेच. मी विचारलं, कागद कशाचा आहे माहीत आहे? म्हणाल्या, हो, विहिरीच्या अनुदानाचा. सुदामनं सांगतलं, तुह्याही सहीची गरज हाय.

 माझा नियम असा, की आपलं मत आधी टाकायचं नाही, कागदच बोलू द्यायचा. वाचायला लागले. नावं, वय, गट नंबर. त्या काटे काढत राहिल्या. गट नंबर कुणाला कळतो? मग चतुःसीमा आली. पूर्वेस नाला. दक्षिणेस शिवरस्ता. पश्चिमेस अमक्याचे शेत. उत्तरेस सामाईक विहीर.

त्यांचं नख थांबलं. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"नाल्याच्या आन् विहिरीच्या मधात माहं घर हाय," त्या म्हणाल्या. "माहा वांग्याचा वाफा हाय. त्याचं काय लिहेल हाय याच्यात?"

मी सांगितलं, की त्या सगळ्यावरचा तुमचा हक्क तुम्ही भावांना सोडला, असं लिहिलं आहे.

"आन् अनुदान?"

"अनुदानाचा एक शब्द नाही."

 मी अशा वेळी पाण्याचा तांब्या पुढे करते, तसा केला. त्या प्यायल्या नाहीत. विचारलं, सही नाही केली तर? मी म्हटलं, तर हा कागद रद्दी, आणि तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे तसं राहील. मग त्यांनी विचारलं, "आन् भाऊ?"

मी म्हटलं, वच्छलाबाई, त्याचं मला काही टाइप करता येत नाही.

खरं सांगते. सही केली तर खोली जाणार, हे मला दिसत होतं. रस्त्याकडच्या जमिनीचे प्लॉट पाडायचं भावांच्या मनात होतं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सही नाही केली तर भाऊ तुटणार. बावीस वर्षं ज्यांच्या आधाराने काढली, तीच माणसं. आणि हा पेच त्यांच्यापुढे मी वाचून उभा केला होता. न वाचता त्या सुखात घरी गेल्या असत्या. चार-सहा महिने.

वच्छलाबाई उठल्या आणि स्वतः जाऊन भावांना बोलावून आणलं. उभ्या राहून म्हणाल्या, "म्या ऐकलं. मी सही करत नाही."

सुदामने आधी बहिणीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. काय भरवलं हिच्या डोक्यात, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही जे टाइप करायला सांगितलं तेवढंच वाचलं, एक शब्द जास्तीचा नाही. त्याने टेबलावरचे कागद हाताने खाली लोटले. माझे लोटले असते तर चाललं असतं, त्यात दुसऱ्यांचेही दस्त होते. मग बहिणीला म्हणाला, "माहेर तुटन तुह्यं. याद राख." धाकटा गजानन कागद उचलायला वाकला होता, तो वर बघेना. वच्छलाबाईंनी एवढंच विचारलं, साडी आत्ता वापस पाहिजे का घरी गेल्यावर. सुदाम निघून गेला. जीप त्यांना न घेताच गेली. मी त्यांना एस.टी.त बसवून आले.

त्यानंतर त्या गावातलं कुणी दोन महिने माझ्या टेबलाकडे फिरकलं नाही. घरं फोडणारी बाई म्हणून माझं नाव झालं. दिगंबरभाऊंनी समजावलं, की शालूताई, आपण लिहिणारे, आपल्याला काय करायचं? मी त्यांना म्हटलं, आणि आजही छापून म्हणते, की कागद वाचल्याने जे घर फुटतं ते आधीच फुटलेलं असतं, फक्त बहिणीला सांगितलेलं नसतं. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या. माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी एकानेही कधी म्हटलं नाही, की तुम्ही खोटं वाचलं.

संक्रांतीनंतर वच्छलाबाई टेबलापुढे उभ्या. पिशवीत वांगी. हात पाहिले तर तळव्यांना घट्टे. सुदामने विहिरीवरची मोटर बंद केली होती, म्हणून त्या दोन महिने बादलीने शेंदून वाफ्यांना पाणी घालत होत्या. मग एके दिवशी पहाटे मोटर आपोआप सुरू झाली. गजाननने केली, बोलला मात्र नाही. मला अपराधी वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, माझ्यामुळे तुमचं माहेर तुटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मला अक्कल नसल्यासारख्या. "तुटलं कुठं बाई? मी तं त्याच्यातच वांगे लावून राह्यली."

मी हसले. मग त्यांनी पिशवी ओतता ओतता सहज विचारलं, "तुमी साऱ्या बायांचे कागद वाचता. तुमचा कोणं वाचला होता?"

 मी वांगी मोजत बसले, ती बारा होती.

तो प्रश्न मी बरीच वर्षं सांभाळला. टेबल सोडलं, निवृत्त झाले, तरी दर भाऊबीजेला जानेफळला जायचे, भावाला ओवाळायचे, साडी घ्यायचे, परत यायचे. भाऊ वाईट माणूस नाही. दरवर्षी तुरीचं पोतं पाठवतो. पण तो कागद आमच्या दोघांत पाटासारखा मांडलेला असायचा आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून जेवायचो.

गेल्या भाऊबीजेला ती कार्बन प्रत मी सोबत नेली. ओवाळून झालं. त्याने ताटात साडी ठेवली. मी ताट बाजूला सारलं, पिशवीतून कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. वहिनी कढईजवळून उठून दारात आली. भाऊ आधी हसला, मग त्याला कळलं. "आता काऊन उकरून राह्यली शालू? म्या काय कमी केलं तुले? तूर नाही येत का?"

मी म्हटलं, "तूर चांगली येते. मी तुरीचं बोलून नाही राह्यली."

चतुःसीमेसकट सगळं वाचलं. 'स्वखुशीने व अक्कलहुशारीने' या ओळीवर थांबले. त्याला म्हटलं, वावर तुझं आहे, माझ्याच सहीने गेलं, ते मी मागत नाही. पण मला यातलं काही माहीत नव्हतं. तुला ते माहीत होतं. मामाजींनाही माहीत होतं. तेव्हा ही ओळ खोटी आहे, आणि चाळीस वर्षं माझ्या नावावर खोटं लिहिलेलं आहे.

पेन काढून मी ती ओळ खोडली. समासात माझी सही केली. मग कागद त्याच्यापुढे सरकवला आणि माझ्या सहीखाली बोट ठेवलं. "खाडाखोड हाय. घेणाराचीही सही लागते. कर."

"हे चालते का कुठं?"

"कुठंच नाही चालत. कर."

त्याने पेन घेतलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, कपाळावर मी लावलेलं कुंकू. मला वाटलं, करतो आता. पण त्याने पेन खाली ठेवलं आणि सदऱ्याचे खिसे चाचपायला लागला. चष्मा सापडेना. वहिनीने फळीवरचा आणून दिला. तो डोळ्यांवर चढवत, कागद उजेडाकडे धरत भाऊ म्हणाला, "थांब. आधी वाचू दे."

हेच. संपादकसाहेब, तुम्ही विचारलं होतं ना, तरुणपणी काय कळायला हवं होतं? 'आधी वाचू दे', हेच तीन शब्द. माझ्या भावाला ते कुणी न शिकवता येत होते.

"वाच," मी म्हटलं. "सावकाश वाच. मी बसली हाव."